वाशिष्ठीच्या पात्रात चार दिवस

चिपळूणला नदीचं पात्र मोजायला जायचं तर आधी पंचांग उघडावं लागतं. दाभोळच्या खाडीतून आत शिरलेली भरती थेट शहरापर्यंत येते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही तितकीच खोल. भांगाच्या दिवसांत पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. ड्रोनच्या कॅमेऱ्याला पात्र जितकं उघडं मिळेल तितकं हवं, म्हणून आम्ही माघी अमावस्येनंतरचे चार दिवस धरले. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या रात्री निघालो आणि प्रतिपदेच्या पहाटे चिपळूणला उतरलो.

आम्ही तिघं होतो: मी, ड्रोन उडवणारा आमचा परवानाधारक पायलट आणि शेवटच्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठीतला बराच गाळ काढला गेला. आता पात्राचा आकार कसा आहे आणि तसंच पाणी पुन्हा आलं तर ते कुठून कसं शिरेल, हे नदीकाठच्या एका वस्तीतल्या मंडळींना समजून घ्यायचं होतं. त्यासाठी संगणकात नदीचं प्रारूप उभं करायचं आणि त्यात पाणी सोडून पाहायचं. प्रारूपाला लागतो तळाचा नकाशा, आणि तो करायला आम्ही आलो होतो.

ही नदी मला अनेक वर्षं खुणावत होती, कारण तिला तीन बाजूंनी पाणी येतं. वरून सह्याद्रीचा पाऊस, खालून समुद्राची भरती आणि बाराही महिने कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी. कोयना खरं तर कृष्णेकडे, पूर्वेला जाणारी नदी. तिचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवून पोफळी, अलोरे, कोळकेवाडीला वीज करतात आणि ते पाणी मग वाशिष्ठीत येतं. वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असं वळवायची मुभा आहे. म्हणून फेब्रुवारी संपत आला तरी ही नदी आटत नाही. प्यायला आणि शेतीला हे वरदानच, पण तळ मोजणाऱ्याला तळ दिसतच नाही.

पहिला दिवस

गोवळकोटच्या धक्क्यावर सकाळी साडेसहाला पोचलो तर समोर नदीच नव्हती. दाट धुकं पडलं होतं. पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता, पलीकडच्या काठावर कुणीतरी खोकलं तेही ऐकू आलं, पण दहा हातांपलीकडे सगळं पांढरं. बेत असा होता की ओहोटीच्या तळाला, सव्वासातच्या सुमारास, पहिलं उड्डाण करायचं. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवावा लागतो. धुक्यात तो प्रश्नच मिटला. नऊ वाजता ऊन आलं तोवर पाणी पुन्हा चढायला लागलं होतं. उधाणाची एक ओहोटी हातची गेली.

मग तो दिवस जमिनीवरच्या कामाला दिला. त्या कामाला जितका वेळ द्यावा तितका थोडा, हे आता मला पटलंय. काळ्या-पांढऱ्या चौकटींचे, हातभर रुंदीचे सोळा फलक आम्ही दोन्ही काठांवर, रेतीच्या पट्ट्यांवर आणि एक-दोन उंच बांधांवर ठोकले आणि प्रत्येकाच्या मध्यबिंदूचं स्थान उपग्रह-यंत्राने घेतलं. बारा फलक नकाशा जागेवर बसवायला, चार मागे ठेवले ते त्याची चूक तपासायला. सगळे फलक काठाने एका रांगेत लावले की मधलं पात्र वाडग्यासारखं खोलगट किंवा पालथं होतं. कॅमेऱ्याच्या भिंगाची बारीकशी चूक शेकडो फोटोंमधून साठत जाते आणि सपाट जमिनीला बाक येतो. नदीच्या कामात असा हातभर बाक म्हणजे पुराची वाटच बदलली.

विद्यार्थिनीने यंत्रावरचा आकडा वाचला आणि दचकून माझ्याकडे पाहिलं. उंची उणे साठच्या आसपास! समुद्रसपाटीपासून इतक्या खाली आपण कसे, असा तिचा प्रश्न. यंत्र उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, आणि आपल्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठ-पासष्ट मीटर खाली आहे. भरतीच्या आकड्यांशी मेळ घालायचा तर हा फरक आधी काढावा लागतो. आम्ही जवळच्या बेंचमार्कपासून, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेपासून, लेव्हलिंग करत, म्हणजे टप्प्याटप्प्याने उंचीतला फरक मोजत, फलकांपर्यंत उंची आणली. सबंध दुपार त्यात गेली.

दुपारचं जेवण धक्क्याजवळच्या एका घरात झालं. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि ओल्या काजूची उसळ. वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "नदी वरनं बघताय? मग वरनं गाळ किती ऱ्हायलाय तेवढा सांगा." तेवढंच वरून सांगता येत नाही, हे त्यांना समजावताना मलाच आमच्या कामाचा मुद्दा नीट उमगला.

कुणी असं काम करणार असेल तर दोन गोष्टी. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बंदराचं असतं. खाडीतून वर येईतो पाण्याला बराच वेळ लागतो, म्हणून पोचल्याबरोबर पाण्यात मोजपट्टी रोवा आणि आपल्या जागेची वेळ स्वतः लिहून काढा. आणि २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे निघण्यापूर्वी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते पाहा. तिथे १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. तरीही स्थानिक पोलीस ठाण्यात पत्र देऊन ठेवावं. आम्ही दिलं होतं, म्हणून गर्दी जमली तेव्हा अडचण आली नाही.

दुसरा दिवस

धुकं होतं, पण विरळ. आठच्या ओहोटीला आभाळ मोकळं झालं. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा अगदी मंद असतो, अकरानंतर खारा वारा उठतो आणि ड्रोन डुलायला लागतो. हातात तीन तास होते.

शंभर मीटर उंचीवरून आमच्या कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवर पावणेतीन सेंटिमीटरचा पडतो. पुढच्या फोटोत मागच्या फोटोचा ८० टक्के भाग यावा, बाजूच्या पट्टीत ७० टक्के, असं उड्डाण आखलं होतं. एकच दगड आठ-दहा फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून दिसला की संगणक त्याची जागा आणि उंची काढतो. आपण दोन डोळ्यांनी खोली ओळखतो, त्याचाच हा विस्तार. काठाला समांतर फेऱ्या झाल्यावर आडव्या फेऱ्या मारल्या आणि काही फोटो कॅमेरा कलता ठेवून घेतले. वाडग्याचा बाक काढायला या कलत्या फोटोंची फार मदत होते.

तिसऱ्या बॅटरीला एक ब्राह्मणी घार आली. विटकरी अंग, पांढरं डोकं, उन्हात लखलखत होती. एकदा ड्रोनला वळसा घालून गेली, दुसऱ्यांदा थेट अंगावर. पायलटने ड्रोन खाली न आणता सरळ वर चढवला. घारीला तितक्या वेगाने उभं चढता येत नाही. ती परत फिरली ती नदीकाठच्या एका उंच झाडाकडे. हे दिवस त्यांच्या विणीचे. झाडावर घरटं असणार हे ओळखून आम्ही तो तुकडा सोडला आणि संध्याकाळी दुसऱ्या काठाने, लांबून घेतला. नकाशात तिथे थोडी विरळ माहिती आहे, ती तशीच असू दे.

दुपारी खेर्डीच्या वरच्या अंगाला गेलो, जिथे भरती पोचत नाही. रेतीऐवजी इथे गोटे आहेत. पाणी किती अडखळत वाहील हे तळाच्या खडबडीतपणावर ठरतं. त्यासाठी आयरिश इंजिनिअर रॉबर्ट मॅनिंग यांच्या सूत्रातला गुणांक आजही वापरतात: साफ मातीच्या-रेतीच्या पात्राला ०.०३ च्या आसपास, मोठ्या गोट्यांच्या पात्राला ०.०४ ते ०.०५, झुडपांनी भरलेल्या काठाला त्याच्या दुप्पटही. हा आकडा पुस्तकातून उचलता येतो. आम्ही मात्र दगड मोजले. पात्रात आडवं चालायचं, प्रत्येक पावलाला न बघता बोट टेकवायचं, बोटाला लागेल तो दगड उचलायचा आणि त्याची मधली जाडी मोजायची. असे शंभर दगड. सत्तराव्या दगडापर्यंत पाणी घोट्याच्या वर होतं, नव्वदाव्याला पोटरीला लागलं. पाऊस नाही, भरती नाही, तरी नदी चढत होती. वर वीजनिर्मिती वाढली होती आणि अवजल येऊन पोचलं होतं.

दगडावर ठेवलेली एक वही भिजली, बाकी नुकसान नाही. पण त्या चढत्या पाण्यात मला सोनं दिसलं. धावत जाऊन दोन ठिकाणी मोजपट्ट्या रोवल्या आणि अंधार पडेपर्यंत दर दहा मिनिटांनी पातळी लिहिली. पट्टीवरच्या लाल खुणेला पाणी आधी चाटून परत जायचं, मग टेकायचं, मग ती खूण बुडायची. वरच्या पट्टीवर पाणी चढल्यावर खालच्या पट्टीवर किती वेळाने चढतं, ही नोंद पुढे सगळ्यांत मोलाची ठरली. अशा नदीत उतरताना मात्र जपा. वरून पाणी कधी वाढेल ते तळात उभ्या असलेल्याला कळत नाही. एक माणूस काठावर ठेवाच.

तिसरा दिवस

आदल्या रात्री मुक्कामी कच्चा नकाशा काढून पाहिला होता. रेती, गोटे, बांध, सगळं अप्रतिम. पाण्याच्या जागी मात्र उंचवटे-खड्डे, कागद चुरगळल्यासारखे. वाहतं पाणी दर फोटोत बदलतं. संगणकाला त्यावर एकही स्थिर ठिपका सापडत नाही. कडेच्या उथळ, नितळ पाण्यात तळ दिसतो, पण तोही फसवा. पाण्यात प्रकाश वाकतो, म्हणून मीटरभर खोल तळ पाऊण मीटरवर भासतो. तिथे दिसणारी खोली १.३४ ने गुणून दुरुस्त करता येते. गढूळ डोहात तर काहीच दिसत नाही. तिथे होडीच हवी.

होडी मिळाली तात्यांची. वय सत्तरीच्या पुढे, तरुणपणी हातपाटीने रेती काढायचे. होडीतून बुडी मारून पाटी भरायची आणि वर आणायची, असं ते काम. आमच्याकडे खांबाला बांधलेलं ध्वनिलहरींनी खोली मोजणारं यंत्र होतं आणि खांबाच्या टोकाला उपग्रहाचा अँटेना. तात्यांकडे बांबू होता. त्यांनी यंत्राकडे कौतुकाने पाहिलं आणि बांबू सोबत घेतलाच.

आम्ही दर तीस-चाळीस मीटरवर काठापासून काठापर्यंत रेघा मारत निघालो. एका डोहाजवळ यंत्राने दोन मीटर दहा दाखवलं. तात्यांनी बांबू सोडला, तो टेकला आणि मग हलक्या हाताच्या दाबाने आणखी दीड हात आत गेला.

"हितं तळ नाय. लापशी हाय ती. पयल्या पुराला जाते वाहून."

यंत्राचा ध्वनी सैल गाळाच्या माथ्यावरून परतला होता. पुढे गेल्यावर बांबू टेकताच टक्क असा कोरडा आवाज आला आणि हादरा होडीच्या फळीपर्यंत जाणवला. "कातळ." मग खसखस करत घासला. "रेव." तात्या डोळे मिटून सांगत होते. मी बांबूला हात लावून पाहिला. रेवेत तो किंचित थरथरतो, चिखलात मुका होतो. त्या दिवशी आम्ही प्रत्येक मापापुढे एक रकाना वाढवला: तात्यांचा शब्द. दोनशेहून जास्त जागी कातळ, रेव, रेती, लापशी असं लिहिलं गेलं. पुरात कोणता तळ टिकेल आणि कोणता खरवडला जाईल याची इतकी तपशीलवार माहिती मला आजवर कुठल्याही अहवालात मिळाली नव्हती.

परतताना एका रेतीच्या बेटावर मगर पहुडलेली होती, तोंड वासून, उन्हाला. वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत हे ऐकून होतो. तात्यांनी होडी लांबून काढली. आदल्या दिवशीच्या फोटोंत शोधलं तर तिथेच ती होती: सहा फोटोंत आहे, सातव्यात फक्त पाण्यात उतरलेली ओली रेघ. अशा जागी पायी फलक लावायला जाण्यापूर्वी स्थानिकांना विचाराच. आम्ही पहिल्या दिवशी त्याच बेटावर फलक ठोकला होता.

संध्याकाळी तात्यांच्या घरी खाडीच्या तिसऱ्यांचं सुकं, भात आणि सोलकढी. बाहेर आंब्याच्या मोहोराचा वास.

चौथा दिवस

ड्रोन पेटीत गेला. हा दिवस माणसांचा.

प्रारूप खरं की खोटं हे ठरवायला पुराच्या खुणा लागतात, आणि त्या घरोघर आहेत. २०२१ ला बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत गेलं होतं. रंग नवा दिला तरी लोकांनी खूण राखलीय: कुठे खिळा, कुठे पेन्सिलची रेघ आणि तारीख. एका किराणा दुकानात दाराच्या चौकटीवर दोन रेघा होत्या, खालची २६ जुलै २००५ ची, वरची २०२१ ची. दुकानदार काकूंनी स्टूल आणून दिलं आणि स्वतः स्टाफ, म्हणजे लेव्हलिंगची उभी मोजपट्टी, धरून उभ्या राहिल्या. भिंतींच्या गर्दीत उपग्रह-यंत्र भरवशाचं नसतं, म्हणून गल्लीगल्लीतून लेव्हलिंगच केलं. दिवसभरात एकोणीस खुणा घेतल्या.

खुणेची उंची घेताना एक प्रश्न न चुकता विचारा: पाणी कुठून आलं? उंची भिंतीवर उरते, दिशा फक्त लोकांना आठवते. नदीकाठच्या एका वस्तीत तिघांना वेगवेगळं विचारलं, तरी तिघांनी एकच सांगितलं. नदी समोर आहे, तिच्याकडे बघत सगळे उभे होते, पण पाणी आलं पाठीमागून. "मागच्या दारानं आला आणि पुढच्या दारानं नदीला भेटला," असं एक आजी म्हणाल्या. त्यांनी त्या रात्री दोन नातवंडांना माळ्यावर चढवलं होतं आणि स्वतः शिडीवर उभ्या राहिल्या होत्या. कितव्या पायरीवर, तेही त्यांनी दाखवलं. ती पायरीही आम्ही मोजली.

दुसऱ्या दिवशी फाकपंचमी होती. शिमग्याची तयारी सुरू झाली होती, कुठेतरी ढोल तापवत होते. राहा म्हणून आग्रह झाला. आम्हाला परतायचं होतं.

परतल्यावर

जोडणीला आठवडा लागला. तपासणीच्या चार फलकांवर उंचीतली चूक सरासरी चार सेंटिमीटर आली. पुलांचे कठडे आणि स्लॅब नकाशातून हाताने काढले. वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला पूल म्हणजे नदीवरची भिंतच वाटते आणि प्रारूपात तिच्यामागे धरणासारखं पाणी साचतं. कांदळवनाचा शेंडा म्हणजे जमीन नव्हे, तेही छाटलं. मग होडीतली मापं पाण्याच्या जागी बसवली आणि हेक-रास या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत पाणी सोडलं.

आधी मुद्दाम एक प्रयोग केला. होडीची मापं न घालता, पाण्याचा पृष्ठभाग हाच तळ धरून २०२१ सारखा पूर चालवला. पाणी खुणांच्या बरंच वर गेलं, ते अपेक्षितच होतं. पण मॅनिंगचा गुणांक काचेइतका गुळगुळीत केला तर पातळी खाली येऊन खुणांशी बरोबर जुळली! तळ खोटा, खडबडीतपणा खोटा आणि उत्तर मात्र खरं दिसणारं. शंभर दगड मोजलेले नसते तर तो गुणांक खटकलाही नसता. खऱ्या तळावर खरा गुणांक घालून अवजलाची ती संध्याकाळ चालवली तेव्हा खालच्या पट्टीवर पाणी चढण्याची वेळ पाच मिनिटांच्या फरकाने जुळली. मग मोठा पूर चालवला.

पडद्यावर पाणी आधी मुख्य पात्रातच वाढत राहिलं. मग वस्तीच्या बऱ्याच वर, जुवाडाच्या, म्हणजे नदीतल्या बेटाच्या, मागून एक बारीक निळी जीभ फुटली आणि झुडपांतून सरकत वस्तीच्या पाठीशी आली. नकाशात पाहिलं तर तिथे जेमतेम कमरेइतका खोल, लांबलचक ओघळ होता. चालताना तो आम्हाला कळलाही नव्हता. तात्यांना फोन केला. ते म्हणाले, "ती जुनी न्हय. आमचा आजा तिथं होडी बांदायचा." न्हय म्हणजे नदी.

त्याच ओघळाच्या खालच्या तोंडावर, फोटोत स्पष्ट दिसतोय, काढलेल्या गाळाचा ढीग टाकलेला आहे. मागून शिरलेल्या पाण्याला नदीत परतायची वाट तीच. फोटोंवरून घनफळ काढलं, सुमारे दोन हजार घनमीटर. ढीग ठेवून आणि ढीग काढून, असे दोन नकाशे वस्तीतल्या मंडळींना पाठवलेत. ढीग काढल्यावर पाणी यायचं थांबत नाही, पण उतरतं लवकर. आजींच्या घरापाशी जवळपास तीन तास आधी. परवा त्यांच्याकडून एकच प्रश्न आला, किती डंपर लागतील? दहा घनमीटरचा एक धरला तर दोनशे. पाऊस यायला तेव्हा अकरा आठवडे होते.